एकवीस ते सात: बडोद्यातल्या एका कुमार कादंबरीचा घरगुती हिशेब

या हकिकतीतलं घर बडोद्याच्या कारेलीबागेतलं आहे. माणसं पाच. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करणारा नवरा, बेचाळिशीतली बायको, दहावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. बायको घरी बसून वीस-बावीस छोट्या दुकानदारांचे जीएसटीचे आणि इन्कम टॅक्सचे रिटर्न भरते आणि उरलेल्या वेळात तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी मराठीत कादंबरी लिहिते. 'उरलेल्या वेळात' हे नातेवाइकांचे शब्द. या घरात वेळ उरत नाही, हे पुढे दिसेलच.

नवरा माझा दांडिया बाजारातला बालमित्र, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो आणि इथेही तेच म्हणेन. मी मुद्रितशोधनाची आणि थोडीफार संपादनाची कामं करतो. या हस्तलिखिताचा घराबाहेरचा पहिला वाचक मी. घरातल्या सगळ्यांना विचारून हे लिहितो आहे, मुलीला तर दोनदा विचारलं. नावं कुणाचीच नाहीत, कादंबरीचंही नाही.

हे सविस्तर मांडावंसं वाटण्याचं कारण साधं आहे. घर सांभाळून कसं लिहायचं, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: पहाटे उठा, रोज थोडं थोडं लिहा. वहिनींनी दोन्ही मन लावून करून पाहिलं. दोन्ही फसलं, आणि का फसलं ते बघण्यासारखं आहे.

पुस्तक कुठून आलं

२०२४च्या ऑगस्टमध्ये गोकुळाष्टमीच्या सुमारास बडोद्यात जो पाऊस लागला, त्यात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. कारेलीबाग, सामा, फतेगंज, सगळीकडे पाणी. आमच्या या नदीत शेकडो मगरी राहतात, त्या पुराबरोबर सोसायट्यांमध्ये शिरल्या. वन खात्याची माणसं आणि स्वयंसेवक दोर घेऊन त्यांच्यामागे. वहिनींच्या इमारतीचं पार्किंग बुडालं, वीज गेली, तळमजल्यावरची बिऱ्हाडं वर आली आणि एका फ्लॅटमध्ये तीन कुटुंबांनी मुक्काम केला. त्यात तळमजल्यावरचा एक मुलगा होता. त्याच्याशी मुलीचं वर्षभर बोलणं बंद होतं. पाणी चढत असताना दोघं एकाच खोलीत, एकमेकांकडे न बघता, एकाच पॉवर बँकेवर फोन चार्ज करत बसली होती. वहिनींना कादंबरी दिसली ती तिथे. पूर आणि मगर बाहेर, अबोला आत.

मराठीत या वयाचं कपाट रिकामंच म्हणायला हवं. लहान मुलांसाठी बरंच आहे, बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून चालू आहे. पण चौदाव्या वर्षी मूल तिथून उठतं आणि थेट मोठ्यांच्या पुस्तकांकडे, नाहीतर इंग्रजीकडे जातं. बडोद्यात तर गुजरातीकडेही. ज्या शहराच्या राजाने १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मुलांसाठी 'सयाजी बालज्ञानमाला' काढली, त्याच शहरात आज मराठी घरातली मुलगी मराठी पान बोट ठेवून वाचते. वहिनींची मुलगी अशीच. हिंदी शिकल्यामुळे देवनागरी येते, पण वेग नाही. आईच्या पुस्तकाचा नेमका वाचक घरात बसलेला, आणि त्याला ते वाचायचा कंटाळा! ही अडचण पुढे भलत्याच मार्गाने उपयोगी पडली.

पुण्याच्या एका प्रकाशकाने तीन प्रकरणं वाचली आणि पूर्ण हस्तलिखित ऑक्टोबर २०२५ अखेर द्या, म्हणून सांगितलं. लांबी साधारण ३५ हजार शब्द. याहून मोठं पुस्तक या वयाच्या मुलाच्या हातात टिकत नाही आणि किंमत वाढली की आईबापाच्याही, असं माझं मत. वहिनींनी ते ऐकलं.

पहाट आणि रोजचे तीनशे शब्द

साडेचारला उठून लिहायचं ठरलं. पण नवऱ्याची पहिली शिफ्ट असली की तो सहाच्या आत घराबाहेर पडतो, म्हणजे पाच वाजता कुकर. त्याची रात्रपाळी असली की तो साडेसातला येतो, त्याआधी पाणी भरून व्हायला हवं, कारण नळ सकाळीच येतो. सासूबाई पाचला उठतात आणि उठल्या की बोलतात. पहाट निवांत असते ती ज्याला पाचला कुणाचा डबा करायचा नाही त्याची.

मग रोज तीनशे शब्द. यात तर वहिनी जास्तच अडकल्या, कारण त्या हिशेबाच्या माणूस. चार दिवस चुकले की बाराशे शब्दांची थकबाकी, दहा दिवस चुकले की तीन हजार. थकबाकी वाढली की माणूस वहीच उघडत नाही. त्यांच्या काही दुकानदारांनी रिटर्नच्या बाबतीत हेच केलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि आता स्वतःच्या वहीच्या बाबतीत त्याच तसं करत होत्या. 'लेट फी लागत नाही म्हणून बरं,' एवढंच त्या म्हणाल्या.

खरं तर चूक आकड्यात नव्हती, एककात होती. या घराचा दिवस कालच्या दिवसासारखा कधीच नसतो, त्यामुळे 'रोज' हे माप इथे बसत नाही. महिना मात्र गेल्या महिन्यासारखा असतो. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, ११ तारखेपर्यंत. जीएसटीआर-३बी, म्हणजे गोषवारा आणि कर, २० तारखेपर्यंत. दुकानदार ८ तारखेपासून व्हॉट्सअ‍ॅपवर बिलांचे फोटो टाकायला लागतात. आडवे, अंधारातले, अर्धं बिल अंगठ्याखाली. ८ ते २० वहिनी कुणाच्याच नसतात. २१ ते पुढच्या ७ तारखेपर्यंत फोन थंड.

त्यावर नवऱ्याच्या शिफ्ट चढवल्या. त्या दर आठवड्याला फिरतात. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात तो दुपारपर्यंत घरी, म्हणजे टीव्ही आणि चहा. रात्रपाळीत तो दिवसा बेडरूममध्ये झोपलेला, आणि टेबल त्याच बेडरूममध्ये. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात मुलं शाळेत गेली की साडेदहा ते एक घरात फक्त सासूबाई. २१ ते ७ आणि पहिली शिफ्ट, असे जुळणारे दिवस महिन्यात पाच-सहा निघतात. एका बैठकीत बाराशे शब्द झाले तर महिन्याला सहा-सात हजार. पाच-सहा महिन्यांचं काम.

ऐकायला हे फारच कमी वाटतं. मलाही वाटलं. पण आधीच्या सगळ्या पहाटांमधून जेवढी पानं निघाली नव्हती, तेवढी पहिल्याच अशा महिन्यात निघाली. याचं श्रेय मी शिस्तीला देत नाही, निश्चिंतीला देतो. १५ तारखेला लिहिलं नाही म्हणून आता टोचत नव्हतं, कारण १५ तारीख लिहिण्याची नव्हतीच.

हे दिवस वहिनींनी कालनिर्णयावर हिरव्या पेनाने गोल केले, तिथेच जिथे दुधाचे खाडे आणि गॅसचा नंबर लिहिलेला असतो. मोबाइलमध्ये ठेवले असते तर ते फक्त त्यांचे राहिले असते. भिंतीवर आल्यावर ते घराचे झाले. मुलगा शाळेत जाताना सांगायचा, 'आई, आज हिरवा आहे हं.' बेडरूम अडलेली असली आणि तरी मध्येच एखादा दिवस हवा असला, तर वहिनी मांडवीला सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसायच्या. १९१०मध्ये सुरू झालेली, काचेच्या फरशीच्या मजल्यांची ती लायब्ररी बडोदेकरांना दाखवायला आवडते. तिथे जाऊन बसणारे मात्र थोडे, त्यामुळे जागा मिळते.

सासूबाईंचा मात्र याला सुरुवातीला पाठिंबा नव्हता. 'रिटर्न भरले की पैसे तरी येतात,' असं त्यांनी माझ्यासमोर म्हटलेलं आहे. हिरव्या दिवशी दार, फोन आणि दुपारची खिचडी-कढी त्यांनी अंगावर घेतली ती वहिनींनी गळ घातली म्हणून, कौतुक म्हणून नव्हे. पुढे त्या गोष्टीत शिरल्या. १९२७च्या जुलैमधल्या पुराच्या हकिकती त्यांनी आपल्या सासूकडून ऐकल्या होत्या, त्या एका प्रकरणात आजीच्या तोंडी आल्या. तरी नायिका उलट बोलते ते त्यांना आजही खपत नाही. 'आजीला कुणी असं म्हणतं का?' हा आक्षेप त्यांनी मागे घेतलेला नाही.

गर्दीत होणारं काम

पाच-सहा बैठकांत पुस्तक होत नाही, फक्त पहिला खर्डा पुढे सरकतो. बाकीचं काम वहिनींनी गर्दीत ढकललं. कुठलं काम एकांत मागतं आणि कुठलं नाही, हे प्रत्येकाचं वेगळं असणार. त्यांना नवीन प्रसंग पहिल्यांदा लिहायला दार बंद लागतं. संवाद मात्र चालताना सुचतात. संध्याकाळी कमाटीबागेत फेरी मारताना त्या फोनवर मराठीत बोलून टाइप करायच्या, दोन्ही पात्रांच्या आवाजात. ओळखीच्या एका काकूंनी घरी येऊन सासूबाईंना हळूच विचारलं की सूनबाईंचं बाहेर कुणाशी भांडण चालू आहे का.

बोलून टाइप केलेल्या मजकुरात विरामचिन्हं नसतात आणि मध्ये गुजराती शब्द आला की फोन भलतंच काही लिहितो. ते सुधारण्याचं काम मुलाचा अभ्यास घेताना. माहिती तपासणं मुलाबरोबरच. पहिल्या खर्ड्यात ऑगस्टच्या पुरात मगरीची पिल्लं अंड्यातून बाहेर येत होती. प्रसंग छान होता. पण मगर अंडी घालते उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि पिल्लं बाहेर येतात ती पावसाळ्याच्या सुरुवातीला, जूनच्या आसपास. मगरी पकडणाऱ्या एका स्वयंसेवकाने ही चूक दाखवली. आता कादंबरीत ऑगस्टमध्ये हातभर पिल्लू आहे, आणि ते जास्त भीतिदायक आहे, कारण पिल्लू आहे तर आई कुठे असेल हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.

सगळ्यात मोलाचं काम रात्री व्हायचं. मुलीला मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून वहिनींनी मुलाला झोपवताना प्रकरण मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अशी एक रात्र मी पाहिली आहे. मुलगा गादीवर उलटा, पाय भिंतीला टेकवून. मुलगी पलीकडे टेबलाशी, कानात हेडफोन, पण एकाच कानात. वहिनी पावसाचं वर्णन वाचत होत्या, चांगलं वर्णन होतं, मला आवडलं होतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर भिंतीवरचे पाय हलायला लागले. तिसऱ्या पानावर प्रश्न आला: 'मगर कधी येणार?' वहिनींनी समासात पेन्सिलीने रेघ मारली आणि वाचत राहिल्या. सकाळपर्यंत त्या तीन पानांचं अर्धं पान झालं होतं.

थोड्या वेळाने नायिका त्या मुलाला म्हणाली, 'तू माझ्याशी असं वागायला नको होतंस.' टेबलाकडून आवाज आला, 'कोणी असं बोलत नाही, आई.'

'मग काय म्हणतात?'

'काही नाही म्हणत. "जाऊ दे ना, तू रहने दे," असं म्हणून फोन बघतात.'

पुस्तकात आता तेच आहे. मराठी, मध्येच हिंदी, तावातावात गुजराती. पुण्याच्या संपादकांना गुजराती थोडं जास्त वाटलं. वहिनींनी जिथे अर्थ प्रसंगावरून लागत नव्हता तिथलं काढलं, बाकी ठेवलं. बडोद्यातली मराठी मुलं भांडताना पुण्यासारखी भांडली तर ते खोटं वाटेल, याबाबत माझंही त्यांच्यासारखंच मत आहे.

या रात्रवाचनाबद्दल एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. मुलांना वेळ देणं आणि पुस्तकाचं काम ही दोन खाती इथे एकत्र झाली, आणि सल्ले देणाऱ्यांना असं काही सापडलं की फार आनंद होतो. पण मुलाला कधी कधी मगरीची गोष्ट नको असायची, नुसती आई हवी असायची, आणि ते कळायला वहिनींना वेळ लागला. नंतर प्रकरण वाचायचं की नाही ते मुलगा ठरवू लागला. तो बहुतेकदा नाही म्हणायचा.

सप्टेंबर

उन्हाळ्यात तक्त्याप्रमाणे चाललं होतं. मेमध्ये बातमी आली की ऑडिट न लागणाऱ्यांच्या इन्कम टॅक्स रिटर्नची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली. वहिनींना वाटलं, जुलै मोकळा मिळाला. मिळाला नाही. मुदत वाढली की दुकानदार कागद आणखी उशिरा देतो, हे वहिनींच्या नवऱ्यालाही माहीत होतं. ऑगस्टच्या २१नंतरचे हिरवे दिवस रिटर्नांनी खाल्ले. सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले, लागू २२ सप्टेंबरपासून. २२ सप्टेंबरला घटस्थापना. म्हणजे दुकानदार दिवसभर विचारणार की जुन्या मालावर कुठला दर लावू, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे बदलू, आणि रात्री गरबा.

बडोद्याच्या बाहेरच्यांना नवरात्र म्हणजे काय ते सांगावं लागतं. दहावीची मुलगी असली तरी बडोद्यात गरबा बुडत नाही. चनिया-चोळीची फिटिंग, पास, कोण कुणाबरोबर जाणार याचं राजकारण, मध्यरात्री आणायला जाणं, नवरा दुसऱ्या शिफ्टवर असला की तेही वहिनींकडेच. सकाळी शाळा आहेच.

इथे वहिनींनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाचं वाटतं. त्यांनी सप्टेंबर सोडून दिला. पाच-दहा मिनिटं चोरून लिहायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. हस्तलिखित पिशवीत घालून कपाटात वर ठेवलं आणि प्रकाशकाला मेल केला: ऑक्टोबरअखेर जमणार नाही, डिसेंबरअखेर देते, झालेली पाच प्रकरणं सोबत जोडली आहेत. मुदतीच्या जवळजवळ दोन महिने आधी कळवलं, नवी तारीख स्वतः दिली आणि काम दाखवलं. दोन ओळींचं उत्तर आलं, चालेल म्हणून. ही मुदत मुदतीनंतर मागितली असती, तर उत्तर दोन ओळींत आलं नसतं. छोट्या प्रकाशकाला कागद, मुखपृष्ठ आणि छपाईच्या तारखा जुळवायच्या असतात, त्याला उशीर चालतो, अंधार चालत नाही.

दिवाळीनंतर पिशवी खाली आली.

सातवं प्रकरण

नोव्हेंबरमध्ये, लिखाण छान चाललेलं असताना, घरात खरा पेच आला. त्याचा वेळेशी संबंध नव्हता.

सातव्या प्रकरणात नायिकेची मैत्रीण तिला स्वतःच्या घरातली एक गोष्ट सांगते. त्या प्रसंगातला एक बारीक तपशील खरा होता. तो मी इथे देत नाही, कारण वाद त्याचाच आहे. मुलीने तो कधीतरी जेवताना आईला सांगितला होता, सहज, मैत्रिणीची काळजी वाटून. वहिनींनी नाव, शाळा, घर, सगळं बदललं होतं. तपशील ठेवला होता, कारण तसा तपशील बसून सुचत नाही.

मुलीने तो वाचनात ऐकला. हेडफोन काढला आणि म्हणाली, 'आई, हे तिने मला सांगितलं होतं. तुला नाही.'

मग दोन दिवस अबोला. पुस्तकातल्यासारखाच, फक्त पूर नव्हता आणि प्री-बोर्ड तोंडावर होती. नवऱ्याने मध्यस्थी केली, 'अगं, नाव तर बदललंय ना,' आणि मुलीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वहिनींच्याही मनात एक युक्तिवाद होता, तो त्यांनी मला सांगितला, मुलीला नाही: तिच्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गातलं कोण मराठी कादंबरी वाचणार आहे? युक्तिवाद बरोबर होता. पण ज्या वयासाठी आपण लिहितो तेच वय हे पुस्तक वाचणार नाही, या भरवशावर प्रकरण ठेवायचं, हे कुठल्याही कुमार लेखकाला परवडणारं नाही, आणि ते त्यांनाही बोलता बोलता कळलं.

पुढे जे ठरलं ते मुलीने ठरवलं. मैत्रिणींचं काहीही घ्यायचं नाही. तिचं स्वतःचं घ्यायचं तर लिहिण्याआधी विचारायचं, लिहून झाल्यावर वाचून दाखवणं म्हणजे विचारणं नव्हे. आणि ती नाही म्हणाली तर का, असं विचारायचं नाही. शेवटची अट वहिनींना सगळ्यात जड गेली. आईला 'का' असं विचारू नको म्हणणं म्हणजे काय, ते आई असलेल्यांना सांगायला नको.

त्यांनी प्रसंग काढला. त्या जागी स्वतःच्या पंधराव्या वर्षातला एक प्रसंग घातला, रावपुऱ्यातल्या माहेरच्या घरातला, मुलीलाही माहीत नसलेला. तो वाचताना मुलगी शेवटपर्यंत काही बोलली नाही, नंतर तिने एकच विचारलं, 'आजोबांना कळलं का मग?'

गोष्ट इथे गोड करता येईल. पण संपादक म्हणून माझं मत असं की नवं प्रकरण आधीच्यापेक्षा कमी पडतं. आधीच्या प्रसंगात आजच्या मुलीची चरचर होती, नव्यात आठवणीचा मऊपणा आला आहे. १९९८ची लाज २०२४च्या मुलीला घातली की ती थोडी ढगळ होते. मी हे वहिनींना लेखी कळवलं. त्यांनी उत्तर दिलं की तुमचं बरोबर असेल, पण प्रकरण हेच राहील. घर आणि लिखाण यांचा मेळ घालताना दर वेळी दोघांचाही फायदा होतो, असं मला वाटत नाही. इथे पुस्तकाने किंमत मोजली, आणि ती मोजायची हे ठरवण्याचा हक्क वहिनींचाच होता.

करार

हस्तलिखित डिसेंबरअखेर गेलं. जानेवारीत कराराचा मसुदा आला, आणि तो वाचताना वहिनींचं हिशेबाचं डोकं कामाला आलं. नवे लेखक करार वाचत नाहीत, पुस्तक येतंय याच आनंदात सही करतात. मसुद्यात रॉयल्टीचा टक्का होता, पण हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी, ते नव्हतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे गाळलेल्या जागेने लेखकाचं फार बिघडत नाही. बिघडतं ते 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी' अशा भरलेल्या जागेने. तसं एक वाक्य मसुद्यात होतं. वहिनींनी ते खोडून छापील पुस्तक आणि ई-बुक एवढेच हक्क दिले, श्राव्य पुस्तक आणि पडद्यावरचे हक्क स्वतःकडे ठेवले, आणि विक्रीचा हिशेब वर्षातून एकदा लेखी मिळेल, ही ओळ घालून घेतली. प्रकाशकाने फार खळखळ केली नाही. मुद्दे शांतपणे, कलमासकट मांडले की सहसा करत नाहीत.

प्रूफं मार्चमध्ये पाठवू, असं प्रकाशकाचं म्हणणं होतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मुलीची बोर्डाची परीक्षा, मार्चमध्ये दुकानदारांचं वर्षअखेर. वहिनींनी एप्रिलचे दिवस मागून घेतले. मुखपृष्ठावर मगर हवीच, यावर मुलाचं आणि प्रकाशकाचं एकमत आहे, वहिनी एकट्या विरोधात.

दरम्यान संपादकांचं सविस्तर पत्र आलं आहे. बाकी पुस्तकाबद्दल ते चांगलं बोलतात. सातवं प्रकरण मात्र 'जरा सपाट' वाटतं, म्हणतात, तिथे काहीतरी धारदार हवं होतं. वहिनींनी कळवलं आहे की भाषा घट्ट करते, प्रसंग बदलणार नाही. हे पत्र मुलीला दाखवायचं का, यावर घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो दाखव, तिच्यासाठी काय सोडलंस ते तिला कळू दे. वहिनी म्हणतात, अजिबात नको, मग ती पुढच्या वेळी नाही म्हणायला कचरेल. मला विचारलं तेव्हा मी वहिनींच्या बाजूने मत दिलं.